मक्याच्या शेतातली राणी

सेहुब, ३ मार्च

चि. ओदिलियास आजोबांचे आशीर्वाद.

तुझा खोकला गेला का? राजधानीतल्या धुराची मला धास्तीच वाटते. इथे माझी झोप उडाली आहे. आपल्या मक्याच्या शेतातल्या दगडाची कोरीव बाजू करवतीने कापून न्यायला एक व्यापारी आला आहे. बदल्यात तो छप्पर उडालेल्या शाळेवर घालायला लोखंडी पत्रे देणार. गावप्रमुख हिलारियो म्हणतो, दगडात कोरलेले पूर्वज आजोबा कशाला रागावतील, पोरं भिजलेली त्यांना तरी आवडतात का! महिनाअखेरीस सभा आहे. पेरणीआधी मी या आजोबांपुढे धूप जाळतो, दारू शिंपडतो, चिरूट ठेवतो. मी दगड कापू देणार नाही. पण दुसरी शिकलेल्याचं सभेत कोण ऐकणार? तू तिथे शिकून दगडावरची ती जुनी अक्षरं वाचतेस. मास्तरांनी काढलेला दगडाचा फोटो सोबत आहे. काय लिहिलं आहे ते कळव. आणि वेळेवर जेवत जा.

तुझा काळजीखोर आजोबा,
क्रिसांतो

ग्वातेमाला शहर, ११ मार्च

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

खोकला गेला. आता आधी खाली बसा. ते आजोबा नाहीत, राणी आहे! नावाआधी बाईचं मुख कोरलं आहे, ती खूण बायकांच्याच नावाला असते. परक्या नगरातून ती सून म्हणून आली. नवरा वारला, मुलगा लहान, तेव्हा तिनेच राज्य चालवलं. पायाखाली वाकलेला आहे तो तिने लढाईत धरलेला राजा. त्याचं नाव त्याच्याच मांडीवर कोरलं आहे. तुम्हाला वाटायचं तसे हे मंत्र नाहीत. जन्म, लग्न, लढाई, सगळं आपल्यासारख्या माणसांचंच आहे. चिरुटाचं ऐकून मैत्रिणी हसून लोळल्या. सभेत घाबरू नका.

आजीला नमस्कार. माया आहेच, ती वाढू द्या.
आपली ओदिलिया

सेहुब, ३० मार्च

चि. ओदिलियास आशीर्वाद.

तुझ्या आजीने मला धारेवर धरलं. सासरी आलेल्या बाईपुढे इतकी वर्षं दारू ओतली म्हणे! मग मक्याच्या गिरणीवर जाऊन तिने सगळ्या बायकांना सांगितलं. सभेत मी तुझं पत्र शेवटपर्यंत वाचलं. हिलारियोने टोमणा मारला, की राणी आहे तर मग बायकांनाच विचारा. बायकांनी त्याचा शब्द उचलला. राणीसाठी दारूऐवजी कोकोच्या पेयाचे वाडगे घेऊन त्या दगडाभोवती जाऊन बसल्या. हिलारियोची आईही परगावाहूनच सून होऊन आलेली. दगडाला पाठ टेकून तिने व्यापाऱ्याला सांगितलं, की करवत आधी माझ्यावर चालव. तो पत्रे घेऊन परत गेला.

पण पावसाळा जवळ आला आहे आणि शाळेवर अजून छप्पर नाही. मला रात्रंदिवस तोच घोर. उद्यापासून मी ताडाची पानं तोडायला जातो. या वयातही छप्पर शाकारता येतं मला. शिडी हिलारियो धरणार, असं त्याच्या आईने ठरवलं आहे.

आठवण काढत जा.
तुझा आजोबा,
क्रिसांतो