मामांनी प्यालेलं पाणी

मोहखेडे, ता. पारोळा
८ डिसेंबर २०२४

प्रिय दिपमाला फुई,

तुझी भाची बरी आहे, बाबांचा गुडघाही बरा आहे. गुडघ्यापेक्षा ते तुझ्यावरच जास्त कुरकुरतात, पण ते तुम्ही बहीण-भाऊ बघून घ्या. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

मला बघायला निघालेले धुळ्याचे पाहुणे घरी यायच्या आधी थेट आमच्या सांडपाणी प्रकल्पावर आले, यात माझा दोष नाही. 'मुलीचं ऑफिस बघू' हा मुलाच्या आईचा, इंदिराबाईंचाच हट्ट. टाक्यांपाशी त्यांनी नाकाला पदर लावला, तिथवर ठीक होतं. मी चहा सांगायला बाहेर गेले, तेवढ्यात मुलाच्या मामांनी टेबलावरची काचेची बाटली तोंडाला लावली. मी परत आले तर ते मिशा पुसत म्हणाले, "गोड पाणी आहे हो तुमचं. आमच्या धुळ्यात असं मिळत नाही."

ते तपासणीसाठी काढलेलं पाणी होतं, फुई. गावच्या मोऱ्या-संडासांतून आलेलं, सगळ्या टाक्या पार करून नदीत सोडायचं. मी गप्पही बसले असते. पण मामांनी पुन्हा बाटली उचलली, तेव्हा सांगावंच लागलं.

पुढचा आरडाओरडा तू ऐकलाच आहेस. मामांना काही झालं नाही. डॉक्टरांनी खबरदारीच्या गोळ्या दिल्या, त्या घेऊन ते संध्याकाळी एका हळदीला जेवूनही आले म्हणे. तू मात्र 'स्थळ मोडलं' म्हणून साऱ्या गणगोताला कळवून मोकळी झालीस.

नदीचं सांगायचं राहिलं. पूर्वी पुलावर एसटी आली की लोक वासाने खिडक्या लावून घ्यायचे, आठवतं? आता बायका तिथे गोधड्या धुतात. मासे परत आलेत, त्यांच्यामागे बगळेही.

गेल्या रविवारी एक माणूस एसटीतून उतरला आणि पँट दुमडून सरळ नदीत शिरला. ज्यांनी प्रकल्पाविरुद्ध उपोषण केलं होतं त्या कौतिक आबांना वाटलं, तपासणीचा साहेब आला. ते म्हणाले, "साहेब, पानी बठ्ठं चांगलं शे. आमन्या म्हशी आठेच डुंबतस."

तो पियुष होता. इंदिराबाईंचा पियुष. त्या दिवशी सगळे ओरडत होते, तेव्हा तो एकटा खाली मान घालून हसत होता. मामांच्या हळदीचं त्यानेच सांगितलं.

त्याने विचारलं, "टाकीतल्या जिवाणूंना सुट्टी असते का?"

मी म्हटलं, "नाही. म्हणून मलाही गाव सोडता येत नाही."

तो पाण्यात पाय हलवत म्हणाला, "इथून धुळ्याला कामावर जायला सकाळी गाडी आहे. मी कंडक्टरला विचारून ठेवलंय."

यावर मी काय बोलले ते लिहीत नाही. बगळे उडाले एवढं खरं.

तेव्हा फुई, इंदिराबाईंकडे तू जा. त्या तुझंच ऐकतात. मामांच्या मी पाया पडेन, पण नोकरी सोडायची अट घातली तर चहा न घेता उठून ये.

आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, म्हणून बाबांच्या आधी तुला सांगते आहे. मला पियुषशीच लग्न करायचं आहे.

तू हो म्हण की रागाव, तरीही तुझीच,
चारुलता