उतारा कुठून आणला?

अहो,

पोरींना घेऊन चलथाणला ताईकडे जातेय. भाकरी टोपल्यात झाकून ठेवल्यात.

पलीकडच्या मोहल्ल्याने आपल्या टाकीत विष कालवलं, असं पुढारी सभेत बोलला आणि काल तुम्ही चौकात सगळ्यांसमोर त्याच टाकीचं तांब्याभर पाणी पिऊन दाखवलंत. मला वाटलं, आता तरी पटेल. आज टँकरच्या रांगेत बायका म्हणत होत्या, "यांना उतारा आधीच मिळालाय, म्हणजे हे त्यांनाच सामील." दुपारी शेजारचे योगेंद्रभाऊजी दोघांना घेऊन आले, उतारा कुठून आणला ते विचारायला. आपलेच भाऊजी, पण चपला न काढता आत आले.

आता कुणाची समजूत घालायला जाऊ नका. अंधार पडायच्या आत तुम्हीही निघून या.

माठ त्याच टाकीच्या पाण्याने भरलाय. पण पाणी प्यायचं तर दार लावून प्या.

सुधा