फ्लॉपीवरचं बाबांचं अक्षर

शनिवार, १४ जुलै २००१

घरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली तेव्हा मी घाबरले नव्हते. फ्लॉपी होती ना! वर्षभर दर रविवारी बाबा आठवणी सांगायचे आणि मी टाईप करायचे. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तिथपासून ते बाबा रिटायर झाले तिथपर्यंत. उठताना विचारायचे, "कॉपी घेतलीस का गं?" मी म्हणायचे, "घेतली, बाबा." लेबलवर त्यांनी स्वतः लिहिलंय, 'जपून ठेवणे'.

आज शनिवार पेठेतल्या दुरुस्तीवाल्याने ती फ्लॉपी लावली. स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अहो मॅडम, यात फाईल नाहीये, नुसता शॉर्टकट आहे. पत्ता जपलात, घर राहूनच गेलं."

म्हणजे इतके रविवार मी डेस्कटॉपवरचं नुसतं चित्र फ्लॉपीत टाकत होते. एकदा तरी उघडून बघायचं! एकदाही का सुचू नये मला? फ्लॉपी परत घेताना लेबल दिसलं. जपून ठेवणे. शेवटची दोन अक्षरं वाकडी आलीत, तेव्हाच हात कापायला लागला होता त्यांचा.

मार्चमध्ये बाबा गेले. आता पुन्हा सांगा म्हणून कुणाला म्हणू?

घरी आले तर आई दारातच उभी. "मिळालं ना गं त्यांचं सगळं?"

"मिळालं, आई."

तिने फ्लॉपी पदराने पुसली आणि बाबांच्या फोटोपुढे ठेवली. म्हणाली, "उद्या वाचून दाखव."

उद्या रविवार आहे.