सुऱ्यांचं वाण

२८ डिसेंबर

लंकेला फ्लॅट बघणार म्हणे!

फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. वैदेहीला इथल्या विद्यापीठात नोकरी लागली. देव पाण्यात घालून बसले होते मी त्यासाठी! आता पोर पुण्याहून स्वतःच्या घरी यायची, तर अट घालते. "आई, त्या सुऱ्या काढ. अंतरा तीन वर्षांची आहे, सगळीकडे हात घालते. बैठकीत भिंतीवर सुऱ्या, जिन्यात सुऱ्या, देवाच्या फडताळात सुऱ्या! नाहीतर मी लंकेला फ्लॅट बघते." काशीच्या पार त्या टोकाची लंका! विद्यापीठ तिथंच, तिला सोयीचंच पडेल. पण इथं दूधविनायकाच्या गल्लीत आजीचं घर असताना नातीनं लंकेत राहायचं? शोभतं का हे?

मी चिडले. "तूही इथंच वाढलीस ना? तुझं काय कापलं गं?"

तर म्हणते, "तू मला कधी हात लावू दिलास?"

हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "बरोबर आहे तिचं." यांना कुणी विचारलं होतं?

२९ डिसेंबर

धुकं. समोरची खिडकीसुद्धा दिसत नाही. गल्लीतून कुणी तरी खोकत जातं, पण माणूस दिसत नाही.

आज सगळ्या खाली उतरवल्या आणि जुन्या चादरीवर मांडल्या. रामपूरचा खटक्याचा चाकू. नेपाळची कुकरी. लखनौचा सरौता — म्हणजे आपला अडकित्ताच, पण सरौता म्हटलं की जरा नखरेल वाटतो. रत्नागिरीची खोबरं खवायची विळी, गाडीत रात्रभर मांडीवर घेऊन आणलेली. बोरू तासायचा इवलासा चाकू. शाळेत शिकवत होते तेव्हा मुलींची सहल जिथं जिथं नेली तिथून एक तरी आणलीच. मुली बांगड्या घ्यायच्या, बाई सुऱ्या!

आणि मासोळी. ती सगळ्यांत पहिली. पितळेची माशाच्या आकाराची मूठ, वर खवले कोरलेले, पातं मिटलं की पोटात जातं. दशाश्वमेधावर एका फिरत्या लोहाराकडून घेतली होती, वैदेही अंतराएवढी असताना. थंडीतले पेरू कापायला. घाटाच्या पायरीवर बसायचो दोघी. मी फोडी करायची, ती मिठाची पुडी धरायची. निम्मं मीठ फ्रॉकवर.

किती वेळ बघत बसले कोण जाणे. खिडकीतून पांढरट उजेड येत होता, पात्यांवर हलत होता. हे चहा घेऊन आले आणि चादरीपाशी थबकले. "आनंदीबाई, युद्ध कुणाशी?"

"तुमच्याशीच!" म्हटलं.

१ जानेवारी

नवं वर्ष. एकही काढली नाही. पुसून पुसून परत होत्या तिथं टांगल्या.

३ जानेवारी

आज भाजी चिरताना हात थांबला. मटार-बटाट्याचा रस्सा, कांदा चिरत होते — कशानं? ठेल्यावरच्या लाल मुठीच्या सुरीनं! प्लास्टिकची मूठ, तीही तडकलेली. बाहेर भिंतीवर एवढं वैभव टांगलेलं, आणि त्यातल्या एकीनंही कधी कांदा पाहिलेला नाही.

मग मी आणल्या कशाला?

खरं सांगायचं तर आणताना मजा यायची, ती आणताना. दुकानदार कागदातून उलगडून दाखवायचा, अंगठ्याच्या पेरावर धार लागायची, अंगावर शहारा! घरी येऊन खिळा ठोकला की संपलं. आठवड्यात पुन्हा दुसरीची ओढ. ही शेवटची, ही शेवटची असं म्हणत भिंत भरली. सुरी बिचारी चिरण्यासाठी जन्माला आलेली, मी तिला फोटोसारखी टांगून ठेवली. आज पहिल्यांदा त्यांची दया आली. स्वतःचा रागही आला.

हे म्हणतात, "पंसारी होतीस मागच्या जन्मी, किराणा दुकानवाली. नुसतं साठवायचं, विकायचं नाही."

६ जानेवारी

यांची पुतणी ऋता सांगलीहून आली आहे. दर्शन, गंगा, पिंडदान, सगळं यथासांग. काशीत आलं की आवडती एक गोष्ट कायमची सोडायची असते, तर बाईसाहेबांनी घाटावर उभं राहून काय सोडलं? दुधीभोपळा!

मी विचारलं, "आवडायचा तुला?"

"शी! मुळीच नाही काकू."

सगळे असेच. इतकी वर्षं बघते आहे, दक्षिणेकडून माणसं येतात आणि कारलं सोडून जातात, दोडका सोडून जातात. आंबा सोडलेला माणूस मला अजून भेटायचाय. गंगामाई तरी काय म्हणत असेल! तिच्या पदरात नुसती नावडती भाजी.

जेवताना मी हे बोलले तर यांनी ताटातून वर बघितलं. "आणि आपण? पिढ्यान् पिढ्या काशीत बसलोय. आपण काय सोडलं?"

ऋता हसली. मी पोळी वाढायला उठले.

९ जानेवारी

पहाटे स्वप्न. सगळ्या सुऱ्या भिंतीवरून उतरल्या, एकामागून एक जिना उतरून गल्लीत आल्या. पाय नाहीत तरी चालताहेत. कुकरी पुढं, विळी मागे लंगडत. कुत्री भुंकत नाहीत. घाटावर धुकं. एकेक पाण्यात उतरली आणि आडवी झाली आणि पोहायला लागली. मी पायरीवर बसून म्हणते आहे, परत या गं, अंग पुसून देते. एकीनंही मागे बघितलं नाही.

जागी झाले तर हात गार पडले होते. भीती नाही वाटली. बरं वाटलं उलट.

११ जानेवारी

वैदेहीनं फ्लॅटचे फोटो पाठवले. स्वच्छ, पांढरा, लिफ्ट आहे. बाल्कनीत जाळी. म्हणजे ही नुसतं बोलत नाही!

यांना म्हटलं, सांगा तिला, आजच्या आज काढते. "काढून ठेवशील कुठं? माळ्यावर? दोन महिन्यांत परत भिंतीवर." ओळखून आहेत मला. द्यायच्याच हव्यात. भंगारवाल्याला देणार नाही, मेले तरी नाही. विकणारही नाही. मग कुणाला?

गल्लीतल्या तेजश्रीच्या घरून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. संक्रांतीचं वाण! बायका स्टीलच्या वाट्या देतात, प्लास्टिकचे डबे देतात. मी सुऱ्या देईन!

१४ जानेवारी

संक्रांत. गच्च्यांवर पोरं, आभाळात पतंग, खाली कुठल्या तरी घरातून खिचडीचा वास. यांना तिळगूळ दिला. म्हणाले, "घेतो, पण गोड बोलायचं तुझं तू बघ."

२० जानेवारी

झालं एकदाचं हळदीकुंकू. काय सांगू!

बायका आल्या, दुर्गाघाटाच्यासुद्धा. हळदीकुंकू लावलं, अत्तर लावलं, तिळगूळ दिला, हळकुंड घालून ओटी भरली. मग मी आतून परात आणली, वरचा रुमाल काढला आणि पहिली सुरी उचलून संपदाच्या हातावर ठेवायला गेले. समोरच राहते, पंचविशीची पोर. तिनं हात असा मागे घेतला की बांगड्या वाजल्या!

अंबिकाकाकू ऐंशीच्या पुढच्या, आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या. त्या कडाडल्या, "अगं आनंदी, संक्रांत आहे की महाभारत? कुणाच्या हातात सुरी देतात का? भांडण लागतं! आणि वाण म्हणून? गोड बोला म्हणायचं आणि नातं कापायचं?"

आयुष्यभर ऐकलेलं. कात्री, सुरी हातात देऊ नये, खाली ठेवावी. आईनं हातावर मारून शिकवलेलं. एवढ्या सुऱ्या जमवून बसलेली मी, आणि हेच विसरले! डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. वाटलं, आता या सगळ्या उठून जाणार, सुऱ्या इथंच राहणार आणि माझी अंतरा लंकेत.

काकूंनी बघितलं असावं. म्हणाल्या, "रडतेस काय? पाट आण." पाट आणला. त्यावर परात ठेवायला लावली. "आता तू हात लावू नकोस. जिला हवी तिनं आपली आपण उचलायची, आणि तिच्या जागी आपल्या ओटीतला हळकुंडाचा तुकडा ठेवायचा. म्हणजे तू दिली नाहीस, तिनं फुकट घेतली नाही. भांडायचं कुणाशी?" आणि स्वतःच आधी हात घातला, सरळ कुकरीला! "फणसाला बरी."

मग काय, झुंबड! संपदानं विळी घेतली. सरौत्यासाठी दोघींची ओढाताण. रामपुरी चाकू तेजश्रीनं उचलला, खटका दाबला आणि स्वतःच किंचाळली. "ये तो मैं इनको दिखाऊँगी!" केवढ्या हसल्या सगळ्या. आमच्या पोरी हसायला लागल्या की हिंदीतच हसतात.

सगळ्या गेल्यावर परातीत नुसती हळकुंडं. पिवळीजर्द. हात फिरवत बसले.

मासोळी परातीत ठेवलीच नव्हती. ती माझ्या कनवटीला होती.

२१ जानेवारी

भिंत उघडी. खिळे तेवढे उरलेत. सुऱ्या होत्या तिथं रंग गडद राहिलाय, प्रत्येकीची आकृती. संध्याकाळी दिवा लावल्यावर वाटलं, आहेत अजून, फक्त धुक्यात गेल्यात.

वैदेहीला फोटो पाठवला. "आई!! खरंच??" लंकेच्या फ्लॅटवाल्याला नको म्हणून कळवलं तिनं. आधी हसले, मग जरा रडले. यांनी पान लावून दिलं, कात्रीनं सुपारी तोडून. सरौता कुठाय आता!

संपदाच्या घरून खोबरं खवल्याचा आवाज येतो. खर्र खर्र. इतक्या वर्षांत मी तो आवाज ऐकलाच नव्हता. विळी बोलायला लागली बाई.

२३ जानेवारी

झोप नाही. मासोळी उशीखाली.

मी ऋताला हसले होते. दुधी सोडते म्हणून. आणि मी काय केलं? ज्या कधी वापरल्याही नव्हत्या त्या सगळ्या वाटल्या आणि जिच्यात जीव आहे ती लपवली! मग माझ्यात आणि तिच्यात फरक काय? आणि एक राहिली की तिला सोबत म्हणून दुसरी येणार, दुसरीला तिसरी. मी मला ओळखत नाही का? भिंत भरली की अंतरा लंकेत.

सोडायचं तर आवडतं सोडायचं. काशीत राहून एवढंही नाही जमलं तर कशाला राहायचं काशीत.

२४ जानेवारी

सोडली.

सकाळी नाव केली. धुकं इतकं की घाटापासून जरा लांब गेलो आणि घाट पुसला गेला. वर पांढरं, खाली पांढरं, मधे आम्ही दोघं आणि नाववाला. कुठून तरी घंटा. नाव चालली आहे की उभी आहे तेही कळेना. आपण मेल्यावर असंच असेल का, असं वाटलं. असलं तर वाईट नाही.

मी कनवटीची काढली. हे बघतच राहिले. "मासोळी? वैदेहीला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? तीच तर म्हणाली, काढ म्हणून."

"पेरू खायची गं हिच्यानं."

"म्हणून तर," म्हटलं.

नाववाला म्हणाला, "माताजी, पीतल है, अच्छा दाम मिलेगा." यांनी त्याला हातानं गप्प केलं.

पातं मिटलं. ओंजळीत घेतली, पाण्याला टेकवली. मनात म्हटलं, गंगामाई, आता एकही घेणार नाही. हात काढला. ती मिटलेलीच खाली गेली, जरा वेळ पिवळी दिसली, मग नाही. मला वाटलं होतं रडू येईल. नाही आलं. परत येताना यांच्या खांद्यावर डोकं ठेवून पेंगले, नाववाल्यासमोर! या वयात!

२७ जानेवारी

आल्या. वैदेही उघड्या भिंतीवरून हात फिरवत सगळं घर फिरली. "केवढं मोठं झालंय गं घर." अंतरा लाजून दाराआड. दोन्ही हातांत दोन पेरू, सोडायला तयार नाही. मग एकदम पुढं आली आणि म्हणाली, "आजी, मासोळी दे. कापायचाय."

कधी पाहिलेली नाही पोरीनं! नाव माहीत! वैदेही हसत म्हणाली, "रोज झोपताना तीच गोष्ट लागते हिला. आजीची मासोळी, घाटाची पायरी, मिठाची पुडी." मग माझा चेहरा बघून तिचं हसू गेलं. "आई... मी सुऱ्या काढ म्हटलं होतं. मासोळी काय सुरी होती?"

हे उठून खिडकीशी गेले.

मी अंतरासमोर खाली बसले. खरं तेच सांगितलं. गंगेत सोडली, बाळा.

तिनं विचार केला. मग एक पेरू माझ्या हातावर ठेवला. उद्या घाटावर जायचंय आम्हाला, मासोळीला पेरू द्यायला. मीठ वैदेही धरणार आहे.