दोन भाषांचा दगड

मळा, अक्कलकोट तालुका
१२ फेब्रुवारी २०२३

चि. सौ. महेश्वरीस राजशेखरचे आशीर्वाद. शरणु शरणार्थी, वि. वि.

फोन बंद ठेवलाय, म्हणून हे पत्र. माझा नंबर कुणीतरी ग्रुपांवर टाकला. अनोळखी माणसं शिव्या देतात, काही मराठीत, काही कन्नडमध्ये.

कारण आपल्या विहिरीच्या गाळात निघालेला दगड. सोलापूरहून एक जाणकार आले. अक्षरांत पीठ भरून त्यांनी वाचलं. आठशे वर्षांपूर्वीचा दानलेख, वरच्या ओळी कन्नड, खालच्या मराठी, मजकूर एकच : या तळ्याचं पाणी कुणाला अडवू नये. वाटलं होतं, सगळ्यांना अभिमान वाटेल. वाटला, पण त्यांनी तो वाटून घेतला. इथल्या पुढाऱ्यांनी फ्लेक्सवर फक्त मराठी ओळी छापल्या. तिकडं कर्नाटकात, तुमच्या इंडीत फक्त कन्नड ओळी लागल्यात म्हणे. खरं का?

अव्वा बरी आहे. जावई गुरप्पांना नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझा अण्णा

इंडी
२० फेब्रुवारी २०२३

ती. अण्णाच्या पायी महेश्वरीचा नमस्कार, वि. वि.

खरं आहे. स्टँडसमोरच फ्लेक्स आहे. काल पोरं घरी आली. महाराष्ट्रानं आमचा दगड पळवला, असं मी सांगावं म्हणाली. तुझी सख्खी बहीण बोलली की जोर येतो म्हणे. दुकानाला त्रास नको म्हणून हे म्हणाले, बोलून टाक एकदाचं. मी दार लावून घेतलं. तेव्हापासून आमचा अबोला आहे.

लहानपणी तू मला कन्नडमध्ये शिव्या द्यायचास आणि मराठीत समजूत काढायचास. ते कुणी कोरून ठेवलं नाही, हे नशीब.

पण अण्णा, अव्वाचा व्हिडिओ बघितला. चॅनेलवाल्यांनी विचारलं आणि ती बिचारी कन्नडमध्ये बोलली. खाली लोकांनी लिहिलंय, यांना तिकडं हाकला. तिला कळलंय का?

तब्येत जप. धाकटीवर लोभ असू दे.

महेश्वरी

मळा
९ मार्च २०२३

चि. सौ. महेश्वरीस आशीर्वाद, वि. वि.

अव्वाला कळलंय. आपल्या गिरणीवर दळण येईना झालं, तेव्हाच कळलं. तेव्हापासून ती घरातसुद्धा माझ्याशी मोडक्या मराठीत बोलायची. पंचाहत्तरी उलटलेली आपली आई, आपल्याच चुलीपुढं शब्द शोधत बसायची.

परवा सभा होती. कन्नड ओळी मागाहून कुणीतरी घुसडल्या, एवढंच मी स्टेजवर म्हणावं, मग गिरणी पुन्हा चालू होईल, असं पुढाऱ्यांनी कबूल केलं होतं. मही, मी लई थकलो होतो. हो म्हणायचं ठरवूनच निघालो. निघताना अव्वानं टोपी हातात दिली आणि म्हणाली, "सांभाळून बोल, माजा पोरगी." पोरगा म्हणायचं होतं तिला. चूक ध्यानात आली तशी तोंडावर पदर घेतला.

स्टेजवर मी लेख पहिल्यापासून वाचला. दुसऱ्या कन्नड ओळीला त्यांनी माईक बंद केला. मी तसाच वाचत राहिलो, मराठीही वाचली. कुणी मारलं नाही, टाळीही पडली नाही. दुसऱ्या दिवशी सरकारी गाडी दगड घेऊन गेली. फ्लेक्स आहेत तिथंच आहेत. गिरणीही बंदच आहे.

सभेहून आलो तेव्हा अव्वा उंबऱ्यात बसली होती. तिला कुणीतरी आधीच सांगितलं असावं. तिनं मला विचारलं, "ऊटा आयता?" जेवलास का, एवढंच. किती दिवसांनी तिचं कन्नड कानावर पडलं. मी नाही म्हणालो आणि तिच्याशेजारी बसलो.

गुरप्पांशी बोलत जा. आमची आठवण असू दे.

अण्णा