आमच्या नगरचिन्हातली बाई

सांता ब्रीहिदा, मंगळवार

आदरणीय ओबदुलियाबाईंना एव्हेलियो रंगाऱ्याचा हात जोडून नमस्कार.

तुमची तब्येत, तुमचे गुडघे (या वयात ते दुखतातच) आणि तुमच्याकडची समुद्राची हवा, सगळं ठीक असेल अशी आशा करतो. पत्ता कुठून मिळवला ते विचारू नका. माझं म्हणाल तर दात तीन उरलेत, पण ब्रश धरला की हात अजून थरथरत नाही. आपली भेट एक्केचाळीस वर्षांत नाही, पण तुम्हाला मी रोज बघतो. (सोमवारी कचरागाडीवर, एरवी पाण्याच्या टाकीवर आणि दंडाच्या पावतीवर.) आमच्या नगरचिन्हातली बाई तुम्ही आहात, हे सांगायचं राहूनच गेलं. रागावू नका, आधी पुढचं वाचा.

वर्षभर इथे शिवण शिकवून तुम्ही निघालात, त्या दिवशी चौकात बसची वाट बघत उभ्या होतात. बस तीन तास उशिरा आली (देव त्या ड्रायव्हरचं भलं करो), म्हणून चित्र पुरं झालं. काय खरडताय, असं तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, कोंबडी. खोटं नव्हतं, मावशीला न्यायची कोंबडी तुमच्या पायाशी बांधलेली होतीच. पुढे नगरपालिकेनं चिन्हाची स्पर्धा काढली, तेव्हा माझ्याकडे दुसरं चांगलं चित्र नव्हतं. (होतं खरं तर. जाऊ द्या.)

यंदा नगरपालिकेला शंभर वर्षं होतात, म्हणून चिन्हाचा अर्थ छापायचा ठरला आणि सभा भरली. पाद्रीबुवा म्हणाले, ही श्रद्धा, नजर बघा कशी स्वर्गाकडे! औषधवाले लिसिमाको उसळले, "स्वर्ग कुठला, बुवा? ही शेतीमाता! हातात समृद्धीचं शिंग दिसत नाही का?" ते शिंग म्हणजे मी घेऊन दिलेली शेंगदाण्यांची निमुळती पुडी. आणि नजर बस दिसते का ते बघत होती. कोंबडी एकमतानं मातृत्व ठरली. तेवढ्यात नगराध्यक्षाबाईंनी (वय तीस, जीभ साठची) वरून आलेला नवा नियम वाचला, की चिन्हात जिवंत माणसाचा चेहरा चालणार नाही, निघाला तर चिन्ह रद्द आणि त्या जागी नदीवरचा पूल. "काका, खरं सांगा, ही बाई कोण?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुमचा चेहरा आठवणारा इथे मी एकटाच उरलोय. मी सही करून लिहून दिलं, की ही कोणीच नाही. ते लिहिताना फार वाईट वाटलं हो.

तेव्हा विनंती एवढीच, की शताब्दीच्या जत्रेला कृपा करून येऊ नका. टाकीवर ते नाक रोज बघून इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ झालंय. तुम्ही बसमधून उतरलात की माझ्या जन्माचं काम गेलंच म्हणून समजा.

आपला नम्र,
एव्हेलियो

ता.क. बस हल्ली वेळेवर येते. दुपारी चारला. शेंगदाणेवाला गेला, पण त्याची मुलगी पुडी तशीच बांधते.

ता.क. ओबदुलिया, ये ग. पुसायला पांढऱ्या रंगाचे चार डबे आणून ठेवलेत. टाकीपासून सुरुवात करीन. पूल काय, मी डोळे मिटूनही काढीन.