गच्चीवरची मोकळी हवा

६ एप्रिल
आत्याबाईंना, ह्यांच्या आईला, दवाखान्यातून घरी आणलं. हृदयात दोन स्टेंट. हे स्टील मिलमधून परस्पर आले, कपड्यांना तोच जळका वास. आईच्या पायाशी बसून राहिले.
डॉक्टरांनी विचारलं होतं, तंबाखू? शुगर? दोन्ही नाही. मग, "घर कुठं?" एमआयडीसीच्या मागंच, म्हटलं. म्हणाले, एकच कारण दाखवता येत नाही; पण भट्ट्यांच्या धुरातले धातूचे बारीक कण रक्तात उतरतात, हृदयाला बाधतात.

८ एप्रिल
हिवाळ्यात त्यांचं बी.पी. वाढलं तेव्हा मीच सांगितलं, पहाटे गच्चीवर फेऱ्या मारा, मोकळी हवा मिळेल. थंडीत धूर वर जात नाही, खालीच बसतो. आठवीला हे मी शिकवते. फळ्यावर आकृती काढून.
रोज खाली येऊन तळपाय दाखवायच्या. "सूनबाई, बघ, तुझी मोकळी हवा पायाला चिकटून आली." दोघी हसायचो.
आज गच्ची झाडली. लेकीचं, सईचं, लोहचुंबक धुळीतून फिरवलं. त्याला काळी दाढी आली.

११ एप्रिल
तीर्थपुरीहून भाऊजींचा फोन. "वहिनी, लय केलं तुम्ही. आता आईला आमच्याकडं राहू द्या." ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. "डॉक्टरांशी तूच बोललीस. तू सांग."
डॉक्टर दोन गोष्टी बोलले होते. हवा बदलता आली तर चांगलंच. आणि, गावी छातीत दुखलं तर इथं जालन्याला पोचेपर्यंत वेळ जाईल, तोही विचार करा.
मी फक्त दुसरी सांगितली.

१२ एप्रिल
खोटं बोलले नाही. (हे लिहून पुन्हा वाचलं.)
सई शाळेतून येते तेव्हा मी माझ्या शाळेत. तिला गरम पोळी आत्याबाईच द्यायच्या. दवाखान्यात शुद्धीवर येताच विचारलं, "पोरीला दुपारी कोण वाढून राह्यलं?"
मग मी थांबवतेय ते त्यांच्या जिवासाठी, की

१५ एप्रिल
भाऊजी सकाळीच जीप घेऊन आले. "नुसतं भेटायला." मागच्या सीटवर गादी अंथरलेली.
आत्याबाईंनी मला एकटीला बोलावलं. "डागदर अजून काय म्हणला? तू अर्धंच सांगून राह्यली. तुझं तोंड मला कळत न्हाई व्हय?"
सांगितलं. दोन्ही. गच्चीचंही.
"येडी. तुला काय ठावं व्हतं?"
ठाऊक होतं. तेही सांगितलं.
"मंग आता तूच सांग. जाऊ का राहू?"
भाऊजी जीपपाशी. हे दारात. चहा टाकते म्हणून स्वयंपाकघरात आले, ते इथं लिहीत बसलेय. जा म्हटलं आणि वाटेत काही झालं तर. राहा म्हटलं तर
मघाशी पाय लांब करून बसल्या होत्या. आठ-नऊ दिवस घराबाहेर पाऊल नाही. तळपाय काळे.